बहिणीच्या लग्नाला धर्म आडवा आला नाही, पक्ष आलाय. काय करू?

लालबागची_थोरली

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, जरा लांबण लागेल.

माझी धाकटी बहीण डिसेंबरात लग्न करतेय. मुलगा वसईचा, कॅथलिक. आम्ही लालबागच्या चाळीतले, मूळ कणकवलीकडचे. तिने घरी सांगितलं त्या दिवशी मी कांजूरहून रजा टाकून माहेरी गेले होते, म्हटलं आज काही खरं नाही. झालं एवढंच की आई रात्री जेवली नाही आणि सकाळी तिने विचारलं, "गणपतीला येऊ देतील ना पण तिला?" पप्पांनी विचारलं, "मासे खातात ना?" विषय संपला. पुढच्या रविवारी मुलाची आई सुकेळी घेऊन आली, आईने तिला गल्लीत कुटून आणलेला मालवणी मसाला दिला, आणि दोघी ओट्यापाशी उभ्या राहून सुकटीत आंबोशी घालायची की कोकम यावर अर्धा तास बोलत होत्या. मुलाची आजी घरात कादोडी बोलते, वसईकडची बोली. पप्पांना त्यातलं निम्मं कळतं, उरलेल्या निम्म्याला ते नुसती मान हलवतात.

लग्न विशेष विवाह कायद्याखाली. नोटीस दिली की ती 30 दिवस कार्यालयात फळ्यावर लागते, कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून. आईला त्याचंच टेन्शन, "येणारे-जाणारे वाचणार की!" वाचेनात का. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात, आणि घोडं तिथेच अडलंय. बहिणीला साक्षीदार म्हणून मोठे काका हवेत.

मोठे काका म्हणजे पप्पांचे सख्खे थोरले भाऊ. चाळीत त्यांची खोली आमच्या खोलीला लागून. मध्ये दार आहे, गणपतीत ते उघडायचं आणि दोन खोल्यांची एक व्हायची. गेली तीन वर्षं त्या दारासमोर आमचं कपाट आहे.

दोघंही जन्माचे शिवसैनिक. 1966 च्या पहिल्या दसरा मेळाव्याला आजोबा काकांना घेऊन गेले, काका तेव्हा तेरा वर्षांचे. पप्पा आठ वर्षांचे, म्हणून त्यांना नेलं नाही. याचा राग पप्पांना अजून आहे, खरंच सांगते. 2022 च्या जूनमध्ये पक्ष फुटला, पप्पा मातोश्रीकडे राहिले, काका शिंद्यांकडे गेले. त्यात विचारधारा वगैरे काही नाही. 82 च्या संपात पप्पांची गिरणी गेली तेव्हा शाखेतल्या ज्या माणसाने त्यांना कुरिअरच्या ऑफिसात चिकटवलं, तो आज मशालीकडे आहे. माझ्या चुलतभावाला ज्याने कामाला लावलं, तो धनुष्यबाणाकडे. ज्याने ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यामागे तो गेला. इथवर सगळं ठीक होतं, जूनजुलैभर दोघं एकाच टीव्हीसमोर बसून भांडत आणि चहा पीत होते.

ऑगस्टात विधानभवनाच्या पायऱ्यांवर "पन्नास खोके, एकदम ओके" सुरू झालं. त्याच सुमाराला चुलतभावाने फ्रिज घेतला, हप्त्यावर. फ्रिजचं खोकं गॅलरीत उभं होतं, कारण आमचं मखर दरवर्षी पुठ्ठ्याचं असतं आणि ते काका स्वतः कापतात. पप्पा बाजारातून आले, खोक्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वा, आमच्याकडेपण खोकं पोचलं म्हणायचं!" गॅलरीतले सगळे हसले. मीपण हसले. काका कटर घेऊन खाली बसले होते, त्यांनी मान वर केली नाही.

मखर झालं, आरत्या झाल्या. विसर्जनाच्या रात्री, ताटं मांडताना काका म्हणाले, "पोराने हप्त्यावर घेतलाय फ्रिज." पप्पा म्हणाले, "गद्दारांना हप्ते बरे मिळतात." मग काका म्हणाले, "मी निदान दुसऱ्याच्या दारात फुकटचा उभा राहत नाही." पप्पा आजही काकांचं हे वाक्य शब्दन् शब्द म्हणून दाखवतात, आवाजासकट.

त्या दसऱ्याला, 5 ऑक्टोबरला, मेळावे दोन झाले. पप्पा शिवाजी पार्कला गेले, काका बसमधून बीकेसीला. दरवर्षी संध्याकाळी पप्पा सोनं घेऊन शेजारी जातात, काकांच्या पाया पडतात, काका उलट सोनं देतात. त्या रात्री मी माहेरीच होते. काकूने आपट्याची पानं स्टीलच्या ताटलीत उंबऱ्याजवळ ठेवली होती. साडेअकराला तिने ताटली उचलली, मी गॅलरीतून बघितलं. 2023 पासून पप्पा गणपतीला गावी जायला लागले.

तर मला विचारायचंय ते हे. धर्माच्या नावाने आम्ही घाबरलो होतो, तो घरी येऊन सुकट खाऊन गेला. राजकारण म्हणजे आमच्याकडे रात्रीच्या जेवणाबरोबरची करमणूक, तिने घर फोडलं. तुमच्याकडेही असंच आहे का? आणि साक्षीदाराचं काय करू? पप्पा म्हणतात, तो वर सही करणार असेल तर मी खाली टपरीवर चहा पीत बसेन.

---

नळावरची_रांग

ताई, 5 जुलै 2025 ला वरळीला उद्धव आणि राज जवळजवळ 20 वर्षांनी एका व्यासपीठावर आले. त्यांचं जमतं तर तुमच्या दोघांचं का नाही? व्हिडिओ पाठवा पप्पांना.

---

लालबागची_थोरली

व्हिडिओ कशाला, त्या दिवशी पप्पा टीव्हीसमोर बसून डोळे पुसत होते. मी म्हटलं, मग जा की शेजारी. म्हणाले, "तो विषय वेगळा."

---

दादरची_वसईत

तुमचं वाचून हसू आलं आणि थोडी काळजीही वाटली, म्हणून लिहितेय. मी दादरची, वसईत देऊन 14 वर्षं झाली. आमचं लग्नही असंच गोड झालं होतं. सासूबाईंनी मला लाल लुगडं नेसवून फोटो काढला, माझ्या आईने तो शोकेसमध्ये लावला. चर्चमध्येही विधी हवा होता, तर बिशपची परवानगी लागली. त्या कागदात नवऱ्याने लिहून दिलं की मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायचा मी माझ्याकडून पूर्ण प्रयत्न करीन. मी ऐकलं, मान हलवली. मुलं कुठे होती तेव्हा!

मुलगी झाली. माझ्या आईने पाळणा सजवला, बारशाच्या घुगऱ्या भिजत घातल्या, आणि त्याच आठवड्यात सासूबाई बाप्तिस्म्याची तारीख घेऊन आल्या. कुणी आवाज चढवला नाही. आईने भिजवलेले हरभरे शेजारी वाटून टाकले आणि पुढची दोन वर्षं ती वसईला आली नाही. नंतर आली, नातीसाठी. पण माझे बाबा गेले तेव्हा मुलीला घेऊन मी दहाव्याला कुठे बसावं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

धर्म लग्नाच्या दिवशी भांडत नाही हो. तो बारशाला येतो, दहाव्याला येतो. बहिणीला सांगा, मुलांचं नाव आणि बाप्तिस्मा यावर आत्ताच, चहा पितापिता बोलून घ्या. आणि वकिलालाही एकदा भेटा. विशेष विवाह कायद्यात कलम 19 आहे, हिंदू एकत्र कुटुंबातली व्यक्ती अशा लग्नानंतर कुटुंबापासून विभक्त झाली असं धरतात. वारसाहक्कही मग 1925 च्या भारतीय वारसा कायद्याने चालतो. दोघंही हिंदू असते तर गोष्ट वेगळी. चाळीचा पुनर्विकास आला की ही कलमं अचानक सगळ्यांना पाठ होतात.

काकांचं म्हणाल तर त्यात मला काही कळत नाही, आमच्याकडे भांडणं फुलांच्या वाडीच्या बांधावरून होतात.

---

आकडेवाला

दोन गोष्टींची गल्लत होतेय. प्यू रिसर्च या अमेरिकी संस्थेने 2019-20 मध्ये भारतात जवळजवळ 30,000 लोकांना विचारलं होतं. आपल्या धर्मातल्या बायकांची लग्नं बाहेर होऊ न देणं फार महत्त्वाचं, असं म्हणणारे हिंदूंमध्ये साधारण दोन तृतीयांश आणि मुस्लिमांमध्ये पाचांतले चार निघाले. म्हणजे धर्म माणसांना भेटूच देत नाही. राजकारणावरून भांडायला आधी एका घरात असावं लागतं. तुलना कशी करणार?

---

राजापूर_परळ_मुंब्रा

ताई, तुमच्या घराबद्दल वाईट वाटलं. पण धर्म सुकट खाऊन गेला हे वाक्य मी दोनदा वाचलं.

मी कोकणी मुसलमान, राजापूरचा. घरात कोकणीच बोलतो, फोनवर माझा आवाज ऐकून कुणाला काही कळत नाही. आडनावही असं आहे की दोन्हीकडे चालतं. दोन वर्षांपूर्वी भांडुपला भाड्याने जागा बघत होतो. दलाल खूश, "या या, आपलीच माणसं आहेत सगळी, मालक पण कोकणातलाच." टोकन द्यायला गेलो, आधार कार्ड पुढे केलं. त्याने पूर्ण नाव वाचलं, कार्ड उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं, मग मोबाईल कानाला लावून बाहेर गेला. परत आला तर जागा "आत्ताच गेली" होती. मोबाईल वाजलेला नव्हता, मी समोर बसलो होतो.

92-93 मध्ये मी नववीत होतो. श्रीकृष्ण आयोगाने 900 मृत्यू मोजलेत. त्यात आमच्या घरचं कुणी नाही, म्हणून आम्ही नशीबवान. परळला आमच्या मजल्यावर आम्ही एकटेच. जानेवारीत शेजारच्या काकूंनी आम्हाला चार रात्री आपल्या खोलीत ठेवलं, आमच्या दारावर गेरूने ॐ काढला, वडिलांना त्यांच्या मुलाची टोपी घालायला दिली. सगळं निवळल्यावर वडिलांनी पागडीची खोली मिळेल त्या भावाला दिली आणि आम्ही मुंब्र्याला आलो. काकू रडत होत्या, पण राहा म्हणाल्या नाहीत. त्यांना तसं म्हणता येणार नव्हतं. मी ते समजू शकतो, पन्नाशीला आलो आता.

ऑफिसात वीस वर्षांचा मित्र आहे. ग्रुपवर काहीबाही टाकतो. मी एकदा विचारलं, हे माझ्यासाठी आहे का? तो खरंच गोंधळला. "तू नाही रे! तू आपला." मी अजून त्याच्या डब्यातलं खातो, तो माझ्या. ईदला येतो, बिर्याणी बांधून नेतो. पण ते "तू नाही रे" मला रोज सकाळी लोकलमध्ये आठवतं. तुमचे काका उद्या पक्ष बदलतील किंवा पप्पा कंटाळतील. माझं नाव कुठे बदलणार?

एक विचारतो, राग मानू नका. मुलगा वसईचा नसता, मुंब्र्याचा असता तर?

---

लालबागची_थोरली

राग कसला. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही कारण काय लिहू कळेना.

मी आईला विचारणार होते. शनिवारी गेले, ती भाकऱ्या थापत होती, मी तोंड उघडलं आणि मीठ कुठे आहे विचारलं. विचारायची गरज नव्हती, उत्तर मला माहीत आहे. ती एक दिवस उपाशी राहून थांबली नसती. आणि खरं सांगायचं तर काका आणि पप्पा त्या दिवशी एकाच खोलीत एकाच बाजूला बसलेले दिसले असते. मधलं दार उघडलं असतं.

आमच्या मजल्यावरही एक कुटुंब होतं, 93 आधी. मी लहान होते. त्यांच्याकडून शिरखुर्मा यायचा एवढंच आठवतं. ते कधी गेले, कुठे गेले, यावर घरात कधी कुणी भांडलं नाही. म्हणून मी ते मोजलंच नाही.

माझा वरचा प्रश्न तसाच ठेवते, खोडत नाही. पण मथळा आज दिला असता तर असा दिला नसता.

---

तिसरी_पाळी

पोरी, मी शहात्तरीला आलो, नातवाकडून टाईप करून घेतोय. तो मध्ये काही गाळत असेल तर माहीत नाही.

मी 69 साली गिरणीत लागलो. गावकीच्या गाळ्यात राहायला, एका खोलीत वीस-बावीस जण, पाळीप्रमाणे झोपायचं. माझ्या वळकटीशेजारी ज्याची वळकटी तो लाल बावट्याचा, मी सेनेचा. तो रोज रात्री मला कामगारांचं राज्य समजावणार, मी घोरायचं सोंग घेणार. 5 जून 1970 ला कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा लालबागमध्ये खून झाला. मग पोटनिवडणूक लागली, त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या, आणि सेनेचे वामनराव महाडिक निवडून आले, सेनेचा पहिला आमदार. त्या रात्री मी गुलाल लावून गाळ्यात आलो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी गुलालाचा हात त्याच्या गालाला लावला. मस्करीत. वय काय माझं, वीस-एकवीस.

नऊ महिने बोलला नाही. खानावळीत मी बसलो की तो पाट उचलून दुसऱ्या पंगतीला. मग त्याला टायफॉईड झाला, केईएमला मीच टाकलं, डबा मीच न्यायचो. बोलायला लागला. 82 च्या संपात दोघंही डॉक्टर सामंतांच्या मागे, अडीच लाख कामगारांत आम्ही दोन. संप काही मिटला नाही, तो गावी गेला तो गेलाच. गेल्या वर्षी वारला. गुलालाचं काही मी त्याला कधी बोललो नाही. टायफॉईडमध्ये फिटलं असं समजून चाललो होतो.

तुझ्या बापाला पक्ष सोडायला सांगू नकोस, काकाला तर नकोच. दोघं मरेस्तोवर सोडणार नाहीत. त्या गद्दार शब्दाचं बघ. आणि साक्षीदाराचं फोनवर विचारू नकोस. बापाला पाठवू नकोस, तो जाणार नाही आणि गेला तर आणखी काहीतरी बोलून येईल. गुरुवारी दसरा आहे. सोनं घेऊन तू जा, बहिणीला घेऊन जा. काकू असेल तेव्हा जा.

आणि त्या मुंब्र्याच्या गृहस्थाला माझा नमस्कार सांग. परळला कुठल्या चाळीत होते ते विचार. मी बहुतेक त्यांच्या वडिलांना ओळखत असेन.

---

राजापूर_परळ_मुंब्रा

आजोबा, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. नातवाला बघायला सांगा.

---

लालबागची_थोरली

गेलो काल. काय झालं ते सांगते.

संध्याकाळी सातला, दोघी बहिणी. पप्पा शिवाजी पार्कला गेलेले. काका या वर्षी कुठे गेले नव्हते, गुडघा दुखतोय म्हणे. काकूने दार उघडलं, आम्हाला बघून पदराने हात पुसत राहिली, हात कोरडेच होते. आम्ही सोनं दिलं, पाया पडलो. काकांनी देवापुढची पानं उचलून आमच्या हातावर ठेवली आणि टीव्हीचा आवाज कमी केला. बंद नाही केला.

बहिणीने सांगितलं, मुलगा वसईचा, ख्रिश्चन, कायद्याने लग्न, सही पाहिजे. मला वाटलं होतं धर्मावरून काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "मला कळलं होतं. भिंत पातळ आहे." मग बराच वेळ बातम्या बघत राहिले. मग विचारलं, "साक्षीदाराला काय लागतं? आधार चालतं का?" बहीण म्हणाली, चालतं. "फोटो?" दोन आणा. काकू आत गेली आणि पत्र्याच्या डब्यातून पासपोर्ट साईजचे फोटो घेऊन आली, त्यात काकांचे केस अजून काळे होते. काकू म्हणाली नवीन काढून घ्या, काका म्हणाले चालतात हेच.

निघताना दारात मी एकटी होते तेव्हा म्हणाले, "त्याला सांग, खोक्याचा पुठ्ठा अजून माळ्यावर आहे. टाकला नाही."

मी दहाच्या सुमाराला पप्पांना सांगितलं. ते गळ्यातला भगवा गमछा खुंटीला लावत होते. सहीचं ऐकून काही बोलले नाहीत. मग निरोप सांगितला.

"कुठलं खोकं?"

मी म्हटलं, फ्रिजचं. तुम्ही गॅलरीत बोललात ना, खोकं पोचलं म्हणून.

ते खुर्चीवर बसले. खरंच आठवत होते, तोंडावरून कळत होतं. "मी बोललो? तो म्हणाला होता दुसऱ्याच्या दारात फुकटचा... मी कधी काय बोललो?"

आई ओट्याकडे तोंड करून भांडी लावत होती. मागे न वळता म्हणाली, "बोललात."